गुडघ्यापर्यंतची माती

हिराजीदादांचा डबा उघडण्याआधी आम्ही तो कानाशी धरून हलवून बघायचो. आत डुचमळलं तर कालवण, ठप्प वाजलं तर माती. पहिल्या वर्षी आमच्या वर्गातल्या आदित्यने न हलवताच झाकण काढलं, आतल्या काळ्या गोळ्याला कारळ्याची चटणी समजला आणि पोळीचा तुकडा बुडवणार, तेवढ्यात दादा शांतपणे म्हणाले, "थांब रे, ती खाडीची हाय. तिचा ओलावा मोजायचाय अजून." त्या दिवसापासून आदित्य कॅन्टीनमध्ये फक्त वडापाव खायचा, आणि तोही आधी फोडून बघायचा.

बाजारात मातीचे नमुने ठेवायला वेगळे डबे मिळतात, हे दादांना माहीत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं ते एका माती तपासणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. पण त्यांचं म्हणणं असं, की घरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण जितकं घट्ट बसतं तितकं कंपनीच्या डब्याचं बसत नाही. त्यामुळे गव्हाणला त्यांच्या घरी डबे सतत गायब असायचे. यमुनावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा डबे शोधत थेट कॉलेजच्या लॅबमध्ये आल्या आणि आम्हाला शिकवणाऱ्या सबनीस मॅडमच्या डोळ्यांदेखत ओव्हनमधून तीन डबे काढून घेऊन गेल्या. तिन्हींत आमचे वाळत घातलेले नमुने होते. वहिनींनी ते बाहेर कुंडीत रिकामे केले.

आमचा कोर्स म्हणजे मातीचं आणि पायाचं इंजिनिअरिंग, पार्टटाइम एम. ई. तीन वर्षं, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, विषयांमागून विषय, परीक्षांमागून परीक्षा, आणि शेवटी एक छोटासा प्रकल्प. आम्ही सहाजण होतो. पाचजण पंचविशीच्या आतबाहेर, सहावे एक्कावन्न वर्षांचे हिराजी नाखवा. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री, मग मुलीचं लग्न, आणि मग हे. पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं. ते म्हणाले, "घरी काका हाय मी, बाय. हितं पोरांसारखी फी भरलीय. दादा बोल."

आणि मग त्यांनी आमची ओळख करून घेतली ती अशी: नाव विचारलं नाही, कुठे राहता ते विचारलं. शिरढोणचा एकजण होता, त्याला म्हणाले, "खडक हाय खाली. नशीबवान." मी विचुंब्याची. "कुठली बाजू? नदीकडची का रस्त्याकडची?" मी म्हटलं रस्त्याकडची. "मंग वर भराव, खाली काळी माती, तिच्याखाली मुरूम. निवांत झोप." आदित्य उलव्याचा. त्याला विचारलं, "कितवा मजला?" तो म्हणाला अकरावा. दादा फक्त "बरं" म्हणाले आणि वही उघडली. आदित्य दोन दिवस धड झोपला नाही. तिसऱ्या दिवशी दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "अरे पायाखालचे खांब, पाइल, खडकापर्यंत गेलेत तुमचे, मीच बोअर मारलेत तिथं. जरा गंमत केली."

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दिवसभर नवीन पनवेलच्या एका डिझाइन ऑफिसात डोकं पिकवून संध्याकाळी वर्गात बसल्यावर मला असल्या गमती सुचत नसत. पण दादांवर चिडायची सोय नव्हती. तुम्ही चिडलात की ते खिशातून चिकणमातीचा गोळा काढून तुमच्या हातात द्यायचे, "वळ्या कर." प्लास्टिक लिमिटच्या चाचणीत मातीची बारीक वळी करतात, ती तुटेपर्यंत वळत राहायचं असतं. वळी तुटते तोवर राग गेलेला असायचा. मला वाटतं त्या तीन वर्षांत मी निदान चारशे वळ्या केल्या असतील.

खरी मजा मॅडमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आली. सबनीस मॅडम दादांपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण शिस्त अशी की खडूसुद्धा घाबरून सरळ चालावा. त्यांनी ट्रेमध्ये चार प्रकारची माती ठेवली आणि हाताने चाचपून, चोळून ओळखायला सांगितलं. आम्ही चोळत बसलो. दादांनी ट्रे उचलून जमिनीवर ठेवला, चप्पल काढली, पॅन्ट दुमडली आणि पाय आत घातला.

"मिस्टर नाखवा, हे काय चाललंय?"

"ओळखतोय, मॅडम. ही पोटरी."

"कसली पोटरी?"

मग त्यांनी अख्ख्या वर्गाला त्यांचं शास्त्र समजावलं. लहानपणी आई त्यांना खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, निवट्या धरायला न्यायची. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, कालवणाला झकास. तो धरायचा तर चिखलात उतरावं लागतं, आणि उतरण्याआधी चिखल ओळखावा लागतो. आई एक पाय पुढे टाकून सांगायची: घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. पाय जिथवर जाईल ते त्या मातीचं नाव.

"आणि मांडीच्या पुढे?" मॅडमनी विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण त्या आवरत होत्या.

"मांडीच्या पुढं होडी, मॅडम."

वर्ग हसत सुटला. मॅडमनी फळ्यावर टकटक केली. "छान. पण मला सांगा, गुडघा कुणाचा? माझा गुडघा आणि तुमचा गुडघा एका उंचीवर आहे का? वजन सारखं आहे का? ह्याला माप म्हणत नाहीत. वही घ्या आणि स्टँडर्ड नावं लिहा."

दुसऱ्या कुणी हा विषय तिथेच सोडला असता. दादा पुढच्या आठवड्यात ग्राफपेपर घेऊन आले. त्यावर त्यांच्या उजव्या पावलाचा पेन्सिलीने काढलेला आकार, आतले चौकोन मोजून काढलेलं क्षेत्रफळ, बाजूला वजन पंचाहत्तर किलो, आणि तळव्यापासून घोटा, पोटरी, गुडघा, मांडी यांची सेंटिमीटरमधली उंची. खाली लिहिलं होतं: कॅलिब्रेशन. मॅडमनी तो कागद बराच वेळ बघितला, घडी घालून आपल्या फाइलमध्ये ठेवला आणि शिकवायला लागल्या. 

आता कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पायाचं माप पक्कं केलं म्हटल्यावर वजन बदलून कसं चालेल? दादांनी दुपारचा भात बंद केला. पंचाहत्तरच्या वर काटा गेला की नोंदी चुकतील म्हणे. एक दिवस यमुनावहिनींचा मला फोन. "मधुरा बाय, ह्यांना भात खायला सांग गो. मावऱ्याचं कालवण केलं तरी चपातीशी खातात. शेजारीण विचारते, साखर झाली काय ह्यांना." मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "डिग्री होऊ दे. मंग पातेलं घेऊनच बसतो."

ही डिग्री त्यांना कशासाठी हवी होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते कुणालाही सांगायचे. त्यांना सही करायची होती.

मातीच्या रिपोर्टवर शेवटच्या पानावर सही लागते, आणि त्यांच्या कंपनीत ती एम. ई. झालेल्या माणसाचीच चालते. सव्वीस वर्षं दादांनी उन्हात उभं राहून बोअर मारून घेतले, नमुने काढले, नोंदी लिहिल्या. पण त्या जाडजूड रिपोर्टांत एकाही पानावर त्यांचं नाव नव्हतं. त्याचंही त्यांना एवढं वाटलं नसतं. पण त्यांच्या बहिणीच्या सासरी, खाडीच्या कडेला, एक समाजमंदिर आहे. त्याची माती त्यांनीच तपासली होती. नोंदीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: वरून कोरडं, खाली गुडघा, पाइलशिवाय बांधू नये. तेव्हाच्या सही करणाऱ्या साहेबांनी "गुडघा ही कुठली माती?" म्हणून सगळी ओळच उडवली आणि खाली झोकात सही केली. इमारत साध्या पायावर उभी राहिली आणि दोन वर्षांत पायऱ्या एकीकडे, हॉल दुसरीकडे. मधली फट वीतभर. लग्न असलं की तिच्यावर फळी टाकतात आणि नवरा-नवरी फळीवरून आत जातात. दादांची बहीण प्रत्येक लग्नात त्यांना ऐकवते, "ये दादा, तुझ्याच मापाचं हाय, संभाळून ये."

"सही माझी असती," दादा सांगायचे, "तर ती ओळ खोडताना मला इचारावं लागलं असतं. एवढंच. बाकी काय नाय."

हे सगळं मी ऐकलेलं होतं. एकदा नाही, वीस वेळा. आणि तरी मी पुढे जे केलं ते केलं.

पण आधी फायनाइट एलिमेंटचं सांगते, कारण दादांची सही तिथे अडकली होती. या विषयात जमिनीचे कागदावर लहान लहान त्रिकोण करून कुठे किती दाब येईल ते गणिताने काढतात. दादांना त्रिकोणच पटेनात. "अख्खी खाडी फिरलो, माती कवा तिकोनी बघितली नाय." पहिल्या वेळी नापास. दुसऱ्या वेळी पुन्हा नापास. तिसरी संधी शेवटची. ती गेली की नोंदणी रद्द, तीन वर्षं पाण्यात.

मी शिकवायचं ठरवलं. रविवारी गव्हाणला गेले. जाताना मनात मोठ्या हुशारीने योजना केली होती, की कोळ्याच्या घरचा माणूस आहे, आपण जाळ्यावरून समजावू. जाळं ताणलं की प्रत्येक गाठीवर कसा ताण येतो, वगैरे. मी अर्धा तास जाळं समजावलं. दादांनी आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, जाळं बाबांच्या हातात असायचं. मी आईसंगती चिखलात. मला जाळ्यातलं काय कळत नाय. तू आपली गणितं घाल." वहिनी आतून हसल्या, मला ते ऐकू आलं. मी गुपचूप गणितं घातली. तेरा रविवार घातली. बोअरच्या जुन्या नोंदवह्यांच्या कोऱ्या पाठींवर ते एकच प्रकारचं गणित पुन्हा पुन्हा सोडवायचे, चुकलं की पान फाडायचे नाहीत, फक्त वर लिहायचे "मांडी". कमी चुकलं की "पोटरी". एका रविवारी त्यांनी मला सलग चार पानं दाखवली, चारही पानांवर "घोटा". मला इतका आनंद झाला की मी वहिनींच्या हातचं चिंबोरीचं कालवण दोनदा मागून घेतलं.

त्याच सत्रात प्रकल्पही होता. मी आणि दादा जोडीदार. गव्हाणच्या बाहेर खाजणात आम्ही पाच जागा निवडल्या. मी चार पात्यांचं यंत्र चिखलात खुपसून फिरवायची, किती जोर लागला ते लिहायची. दादा बाजूला पाय टाकायचे आणि ओरडायचे, "पोटरीच्या वर दोन बोटं, लिव." यंत्राचे आकडे आणि दादांचे पाय इतके जुळले की मला आधी यंत्र बिघडल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट टाइप करायचं काम माझं होतं. सादर करायच्या आदल्या दिवशी ऑफिसात दुपारी मी तो वाचायला घेतला. सुंदर तक्ता होता. आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात पोटरी, गुडघा, पोटरी. मला एकदम मॅडमचा चेहरा दिसला, आदित्यचं हसणं ऐकू आलं, आणि वाटलं, कशाला उगाच? आकडे तर आहेतच. मी तो रकाना काढून टाकला. तक्ता नीट बसला, पानही एक कमी झालं. दादांना फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही.

तोंडी परीक्षेत मॅडमनी तक्ता उघडला, पान उलटलं, परत मागे आल्या. मग त्यांनी आपल्या फाइलमधून तो जुना ग्राफपेपर काढून टेबलावर ठेवला. पावलाचा.

"मिस्टर नाखवा, मी ह्याची वाट बघत होते. तुमचा रकाना कुठे आहे?"

दादांनी तक्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "राहून गेला, मॅडम. माझीच चूक."

त्यावर आमचे गुण गेले. आम्ही बाहेर आलो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या सही करणाऱ्या साहेबाला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या, आणि मी त्याच्यापेक्षा बरी कुठे होते? दादांनी खिशात हात घातला, मातीचा गोळा काढला आणि माझ्या हातात दिला. "वळ्या कर," म्हणाले. "वाईट कोण नसतो गो. तक्ता नीट दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं." मी जिन्यात बसून वळ्या करत रडले. ते बाजूला उभे राहून सांगत होते, "जाड झाली. अजून बारीक कर."

निकाल लागला तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळी अकरा वाजता मी ऑफिसातून बघितलं आणि दादांना फोन लावला. ते साइटवर होते.

"दादा, फायनाइट एलिमेंट निघाला. पास."

"नीट बघ. आडनाव बघ. दुसरा कोन नाखवा असंल."

"दादा, कॉलेजात दुसरा नाखवा नाही. तुम्ही एम. ई. झालात."

  पलीकडून आवाज आला, "थांब. पाय काढतो." आणि खरंच चिखलातून पाय निघतानाचा आवाज फोनवर स्पष्ट ऐकू आला. त्यानंतर नाक शिंकरल्याचा. मग म्हणाले, "हां. आता बोल परत."

त्यांना मी शेवटचं बघितलं त्याला आता काही महिने झाले. आमच्या ऑफिसात एका कामाचा मातीचा रिपोर्ट आला. खाडीकडच्या गावात जुनं समाजमंदिर पाडून तिथेच नवं बांधायचं होतं. गावाचं नाव वाचलं आणि मी आधी शेवटचं पान उघडलं. सही होती. हिराजी नाखवा, मराठीत, प्रत्येक अक्षर सुटं, वाचता येईल असं, एम. ई. हे पुढे जरा ठळक. मी ती सही नको इतका वेळ बघत बसले असणार, कारण चहा गार झाला. मग मागे जाऊन तक्ता काढला. यंत्राचे सगळे आकडे, स्टँडर्ड नावं, अगदी मॅडम खूश होतील असं. आणि दुसऱ्या बोअरपुढे शेवटच्या रकान्यात: वरून कोरडं, खाली गुडघा, पाइलशिवाय बांधू नये.

आमच्या साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "हे गुडघा काय आहे? ही ओळ काढ. वाचणारे हसतील. आणि साइट बघितली मी, कडक आहे जमीन. पाइलची काही गरज नाही."

"सर, खाली सही आहे," मी म्हटलं. "त्यांना विचारावं लागेल."

"मग विचारू की," साहेब म्हणाले, आणि आम्ही गाडी काढून गेलो.

दादा आमच्या आधीच तिथे पोचले होते. जुन्या पायऱ्या अजून उभ्या होत्या, फळीही होती. साहेब भरावाच्या कडेला पॉलिश केलेल्या बुटांनी उभे राहून समोरची भेगाळलेली, वाळलेली जमीन दाखवत म्हणाले, "नाखवासाहेब, ही बघा की. दगड आहे दगड."

 दादांनी चपला काढून जोडीने नीट ठेवल्या, पॅन्ट मांडीपर्यंत दुमडली, हातातला डबा माझ्याकडे दिला आणि भरावावरून खाली उतरले. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्याला वरचा पापुद्रा मोडला आणि पाय आत गेला. जात राहिला. थांबला तेव्हा त्यांनी वाकून हाताने माप घेतलं. साहेब दोन पावलं मागे सरकले.

सवयीने मी डबा कानाशी धरून हलवला. ठप्प वाजला. म्हटलं, आली परत माती. झाकण उघडून बघितलं तर भात होता, काठोकाठ दाबून भरलेला.

"मधुरा बाय," दादांनी खालून हाक मारली, "गुडघ्याच्या वर दोन बोटं येतंय. भाताची दोन वजा कर."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी रिपोर्ट उघडला, दोन बोटं वजा केली आणि ओळ होती तशीच ठेवली.